सा नेमका कुठे होता? तालमीच्या एका कॅसेटचं प्रकरण

एका विद्यार्थिनीची तक्रार साधी होती. दरबारी कानड्याच्या तालमीचं जुनं ध्वनिमुद्रण मोबाइलवरच्या ॲपने स्वतःच्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याच्या सा वर, आणलं, इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्याच पट्टीत लावला, आणि तरी दोन्हींचा सूर जुळेना. मध्येच काही मिनिटं जुळायचा, पुन्हा सुटायचा. विद्यार्थिनी नवखी नव्हती. ख्याल शिकण्यात बरीच वर्षं गेलेली, कान तयार. तिने आधी स्वतःच्या कानावर संशय घेतला, मग तानपुऱ्यावर, मग ॲपवर. तिघेही निर्दोष निघाले.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की ध्वनिमुद्रणाची पट्टी बदलणं आता एका बोटाचं काम झालं आहे आणि त्या सोयीपायी दोन अगदी वेगळी कामं एकच समजली जातात. पहिलं काम दुरुस्तीचं. यंत्राचा वेग चुकल्यामुळे जो सूर सरकला, तो मूळ जागी आणायचा. दुसरं काम स्थलांतराचं. सूर आपल्या जागी आहे, पण माझ्या गळ्याची पट्टी निराळी, म्हणून तो माझ्याकडे आणायचा. पहिल्यात वेग आणि सूर दोन्ही एकत्र हलवावे लागतात. दुसऱ्यात लय तशीच ठेवून फक्त सूर हलवायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये यांची बटणं शेजारी शेजारी असतात, पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. इथे पहिलं काम राहून गेलं होतं आणि दुसरं त्याच्यावर चढवलं होतं.

हाती काय होतं

गुरुजी हयात नाहीत. तालमीच्या वेळी शिष्यांनी भरून घेतलेल्या कॅसेट मागे राहिल्या. त्यांतल्या काही एका गुरुबंधूंनी संगणकात उतरवल्या आणि फायली सगळ्यांना वाटल्या. ज्या फाइलवरून घोळ झाला ती साठ मिनिटांच्या कॅसेटची पहिली बाजू, म्हणजे अर्ध्या तासाची. विलंबित एकतालातला ख्याल, सोबत तारांचा तानपुरा आणि तबला. पेटी नव्हती. पेटी असती तर तिच्या पट्ट्यांवरून निदान एक अंदाज मिळाला असता. तसा पेटीवरही फार भरवसा टाकू नये. जुन्या पेटीचे सूर प्रमाणापासून दहा-वीस सेंट सहज ढळलेले असतात.

सेंटचा हिशेब इथेच सांगून टाकावा, कारण पुढे तो सारखा लागणार आहे. एका सप्तकात बारा अर्धस्वर आणि प्रत्येक अर्धस्वराचे १०० सेंट. एक अर्धस्वर वर जायचं म्हणजे कंपनसंख्येला १.०५९५ ने गुणायचं. गळ्याच्या पट्टीला पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने नावं असतात. पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरली, आणि हेच मान १९७५ च्या आयएसओ १६ या मानकात आहे, की पुरुषाच्या आवाजासाठी काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झवर येतो आणि पांढरी दोनचा १४६.८ वर. या विद्यार्थिनीची पट्टी काळी चार. तिचा सा २०७.७.

फाइलच्या मध्यावर, पंधराव्या मिनिटाच्या आसपास, सा मोजला तर तो १४५.२ निघाला. म्हणजे काळी एकपेक्षा ८१ सेंट चढा आणि पांढरी दोनपेक्षा १९ सेंट उतरा. धड इथेही नाही, तिथेही नाही. विद्यार्थिनीने कानाने ‘पांढरी दोन’ असा निवाडा केला होता, आणि जवळची पट्टी तीच असल्याने त्यात गैर काही नव्हतं. पांढरी दोनपासून काळी चार सहा अर्धस्वर वर, म्हणून तिने ॲपमध्ये अधिक सहा असं दिलं. ॲपला पूर्ण अर्धस्वरच कळत होते. सेंटची सोय नव्हती.

१४५.२ सहा अर्धस्वर वर नेला की २०५.३ होतो. शेजारी तानपुरा २०७.७ वर वाजतोय. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात विस्पंद होतात, सेकंदाला सव्वादोन-अडीच हेलकावे. दरबारीसारख्या रागात, जिथे प्रत्येक स्वरावर इतकं थांबायचं असतं, तिथे हे हेलकावे असह्य होतात. जलद लयीची बंदिश असती तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

सांगोवांगीची निदानं

विचारल्यावर जो तो आपापल्या परीने निदान करून गेला. “अगं, तुझा तानपुरा उतरलाय, सेल बदल,” असं एकीने सांगितलं. तानपुरा वेगळ्या ट्यूनरवर तपासला, तर तो जागेवर होता. दुसऱ्याने सुचवलं की तानपुराच वीस सेंट उतरवून घे. तसं केलं तर मध्यावरची काही मिनिटं सुरेल गेली, पण सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा तेच रडगाणं. ज्येष्ठ गुरुबंधू मात्र भलत्याच मुद्द्यावर अडून बसले होते: “गुरुजी पांढरी दोनमध्ये बसलेलेच मला आठवत नाहीत. त्यांची काळी एक. तालमीत तर त्याच्या वर कधीच नाही.” हे बोलणं सगळ्यांनी आठवणीचा हट्ट म्हणून सोडून दिलं. प्रत्यक्षात सगळ्यांत मोलाचा पुरावा तोच होता.

एक तांत्रिक शंकाही आली आणि ती रास्त होती. संगणकात ध्वनी उतरवताना सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात. ४४,१०० वर घेतलेली फाइल चुकून ४८,००० ची म्हणून वाजवली तर सगळं १४७ सेंट वर चढतं, जवळजवळ दीड अर्धस्वर. हा गोंधळ लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो. मात्र तसं झालं तर चूक आदीपासून अंतापर्यंत एकसारखी असते. इथली तक्रारच अशी होती की सूर मध्येच जुळतो आणि मध्येच सुटतो.

म्हणून एकदा मध्यावर मोजून न थांबता सुरुवातीला आणि शेवटीही सा मोजला. पहिल्या मिनिटात १४१.९. मध्यावर १४५.२. शेवटच्या मिनिटात १४८.८. अर्ध्या तासात सा ८२ सेंट चढला होता, जवळपास एक अख्खा अर्धस्वर, आणि ते कोणालाही जाणवलं नव्हतं. जाणवणार तरी कसं? गुरुजी, तानपुरा, तबला सगळेच एका मापाने चढत होते. मुद्रणाच्या आत कुठेही बेसूर नव्हतं. बाहेरचा स्थिर सूर शेजारी आला तेव्हाच ते उघडं पडलं. अधिक सहा केलेली फाइल काळी चारच्या तानपुऱ्यापेक्षा सुरुवातीला ५९ सेंट खाली होती आणि शेवटी २३ सेंट वर. बाजूचा दोन-तृतीयांश भाग सरल्यावर केव्हातरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदत होत्या. ‘मध्येच जुळतो’ म्हणजे तिथेच.

मोजण्याची रीत थोडक्यात सांगतो. ऑडॅसिटी किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही या कामाला पुरतात. गायकाच्या आवाजावर मोजू नये, कारण आवाज हलतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांवर मोजावं. ऑडॅसिटीतल्या ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये खिडकीचा आकार ६५,५३६ ठेवला तर ४४,१०० च्या फाइलमध्ये ०.६७ हर्ट्झपर्यंतचा फरक वेगळा दिसतो. १३८ हर्ट्झच्या आसपास हा फरक आठ सेंटचा होतो, म्हणजे काम चालेल इतपतच. त्यावर उपाय असा, की मूळ स्वराऐवजी त्याचा चौथा स्वयंभू स्वर, म्हणजे त्याच तारेतून आपोआप उमटणारा चौपट कंपनसंख्येचा स्वर, मोजायचा आणि आकड्याला चारने भागायचं. अचूकता चौपट होते. शिवाय स्वस्त रेकॉर्डरच्या मुद्रणात मूळ स्वर अनेकदा क्षीण असतो आणि वरचे स्वयंभू ठसठशीत असतात, त्यामुळे ते सापडतातही लवकर.

ट्यूबलाइटची साक्ष

सा चढतोय हे कळलं. का चढतोय हे कळायचं होतं. खुद्द गुरुजी चढत गेले असतील? तानपुरा कानाशी असताना पट्टीचा गायक अर्ध्या तासात एवढा चढत नाही, आणि त्याच्याबरोबर तानपुरा आणि तबलाही चढायला हवेत. तारा उष्णतेने हलतात, पण त्या सगळ्या एकाच प्रमाणात आणि तबल्याच्या पुडीशी ठरवून हलणार नाहीत. संशय यंत्रावरच होता. पण कुठल्या यंत्रावर? भरून घेताना वापरलेल्या रेकॉर्डरवर, की पुष्कळ वर्षांनी ज्या डेकवर ती कॅसेट वाजवून संगणकात उतरवली त्याच्यावर?

याचं उत्तर स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे वेळेनुसार कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्राच्या, तळाशी मिळालं, २०० हर्ट्झच्या खाली, जिथे गाणं ऐकताना कोणी लक्ष देत नाही. तिथे दोन बारीक सलग रेषा होत्या. एक बरोबर १००.० हर्ट्झवर, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ओळंब्यात असल्यासारखी. दुसरी तिच्या वरच, पण तिरकी: सुरुवातीला १०२.४, मध्यावर १०४.८, शेवटी १०७.४.

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो तिथे ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक १०० हर्ट्झवर गुणगुणतात. प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात चुंबकत्व दोनदा चढतं आणि चोकमधल्या लोखंडी पट्ट्या तितक्या वेळा थरथरतात. तालमीच्या खोलीत असा दिवा असणार आणि त्याची गुणगुण रेकॉर्डरच्या माइकने गाण्याबरोबर टिपलेली. ती तिरकी रेषा म्हणजे हीच. मूळ १०० हर्ट्झची गुणगुण फाइलमध्ये १०२.४ ते १०७.४ अशी वाजते आहे, म्हणजे फीत वाजवताना भरतानापेक्षा २.४ टक्क्यांपासून ७.४ टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने धावली. दुसरी, स्थिर रेषा कॅसेटमधली नव्हतीच. ती संगणकात उतरवताना डेकच्या किंवा वायरीच्या वीजपुरवठ्यातून शिरलेली. ती बरोबर १०० वर उभी आहे, याचा अर्थ संगणकाने आपलं काम चोख केलं. ४४,१०० आणि ४८,००० चा घोळ असता तर तीसुद्धा १०८.८ वर दिसली असती. ती शंका इथे निकालात निघाली.

या तिरक्या रेषेला लागूनच आणखी एक पट्टा होता, मध्यावर १०८.९ वर. तो तानपुऱ्याचा मंद्र पंचम. तार छेडली की उजळायचा, विरायचा, पुन्हा उजळायचा. चोकची रेषा मात्र अखंड. त्यामुळे दोन्हींची गल्लत होण्याचं कारण नव्हतं. महत्त्वाचं हे, की दोन्ही एकाच प्रमाणात वर चढत होत्या. चोकला तानपुऱ्याशी काही देणंघेणं नाही. त्या दोघांना एकत्र ओढणारी गोष्ट एकच, फितीचा वेग. वीजजाळ्याची वारंवारता बदलली असेल का, असंही कोणी विचारेल. ती थोडीफार इकडे-तिकडे होई, हे खरं आहे. पण साडेसात टक्के नव्हे, आणि ती बदलली म्हणून तानपुऱ्याचा पंचम कशाला चढेल?

आता दोषी कोण, डेक की रेकॉर्डर, याचा निकाल कॅसेटच्या दुसऱ्या बाजूने दिला. त्या बाजूवर चोकची गुणगुण १००.१ वर होती आणि सा १३८.७ वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डेक तोच, उतरवण्याची बैठक तीच. डेक सदोष असता तर दुसऱ्या बाजूनेही तोच रोग दाखवला असता. म्हणजे पहिली बाजू भरतानाच रेकॉर्डरचा वेग मंदावत गेला होता. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरचे सेल संपत आले की मोटर हळू होते. हळू भरलेली फीत नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढा येतो, आणि मोटर जितकी जास्त दमलेली तितका जास्त चढा. बाजू उलटताना कोणीतरी नवे सेल घातले असणार. ज्येष्ठ गुरुबंधूंना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “सेल नेहमीच संपायचे.”

त्यांची काळी एकही खरी ठरली. १३८.७ म्हणजे काळी एकच, एखाद सेंटच्या फरकाने.

दुरुस्ती: इथे ‘पिच’चं बटण दाबायचं नाही

बरेच जण इथेच चुकीची वाट धरतात. सूर ८१ सेंट चढला आहे ना, मग ‘चेंज पिच’मध्ये उणे ०.८१ घालून मोकळे होतात. सूर काळी एकवर येतोही. पण ‘चेंज पिच’ लय तशीच ठेवतं. फीत जलद धावली तेव्हा सूर आणि लय दोन्ही चढली होती. सूर खाली आणला आणि लय चढीच राहिली, तर दुरुस्ती अर्धवटच झाली. शिवाय सूर आणि लय वेगळे करायला सॉफ्टवेअरला ध्वनीचे बारीक तुकडे करून ते पुन्हा सांधावे लागतात, आणि त्या सांध्यांत तबल्याचे बोल बोथट होतात. वेग बदलण्यात ही काटछाट होत नाही. नमुने फक्त जवळ किंवा लांब मांडले जातात. चुकीच्या वेगाची दुरुस्ती वेगानेच करायची, म्हणून इथे ‘चेंज स्पीड’.

पण वेगाची चूक एकसारखी नव्हती, त्यामुळे एका आकड्याने भागणार नव्हतं. ऑडॅसिटीत ‘टाइम ट्रॅक’ म्हणून एक सोय आहे. त्यावर एक रेषा असते आणि ती जिथे खाली ओढाल तिथे वेग तेवढा कमी होतो, सुरासकट. चोकची गुणगुण दर पाच मिनिटांनी मोजून त्या त्या जागी बिंदू ठेवले: सुरुवातीला ९७.७ टक्के, मध्यावर ९५.४, शेवटी ९३.१. मग ते मुद्रणात मुरवून नवी फाइल केली. तिरकी रेषा सरळ झाली, आणि गंमत म्हणजे जी आधी सरळ होती ती तिरकी झाली. ते तसंच व्हायला हवं. ती रेषा कॅसेटमधली नव्हतीच. तिसाची बाजू साडेएकतीस मिनिटांच्या जवळ गेली.

फरक ऐकू आला तो सुरापेक्षा लयीत. शेवटाकडचं जे आवर्तन फाइलमध्ये ४८ सेकंदांत संपत होतं, ते आता साडेएक्कावन्न सेकंद घेत होतं. आधी तिथे गुरुजी किंचित घाईत वाटायचे. ‘शेवटी लय वाढवली आहे’ असा त्याचा अर्थही लावला गेला होता. लय वाढलीच नव्हती. आवाजालाही वजन आलं, कारण वेग चढला की गळ्याचा पोतही चढतो आणि आवाज वयाने लहान वाटतो.

दुरुस्ती सेंटाच्या दशांशापर्यंत करण्यात अर्थ नव्हता आणि तसा प्रयत्नही केला नाही. वीजपुरवठ्याची वारंवारता एक टक्का हलली तरी मोजणीत १७ सेंटचा फरक पडतो. चोकच्या रेषेवरून सूर कसा कसा सरकला ते कळलं आणि दुसऱ्या बाजूच्या सा वरून तो कुठे ठेवायचा ते. शिकण्यासाठी महत्त्वाचं हेच, की बाजूभर सा एका जागी राहिला पाहिजे. तो काळी एकपासून पाच सेंट इकडे की तिकडे, याने काही बिघडत नाही.

जाता जाता, हा प्रश्न कॅसेटपुरता नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, त्या काळात तबकडीचा वेग प्रमाणित नव्हता. ज्यांना आपण सरसकट ७८ च्या तबकड्या म्हणतो, त्यांतल्या जुन्या कितीतरी वेगळ्याच वेगाने भरलेल्या आहेत. ७४ फेऱ्यांवर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर ९१ सेंट चढतो. अशा तबकडीवरून ‘अमुक गायक किती चढ्या पट्टीत गात’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी वेगाची चौकशी केलेली बरी.

मग काळी चार

आता खरं स्थलांतर. काळी एकपासून काळी चार सात अर्धस्वर वर. पूर्ण आकडा, सेंटची भानगड संपली. अधिक सात केल्यावर फाइल तानपुऱ्याशी आदीपासून अंतापर्यंत जुळली, हेलकावे गेले. तक्रार तिथे मिटली असं म्हणता येईल. पण सात अर्धस्वर म्हणजे दीडपट, आणि ही उडी लहान नाही.

पट्टी साध्या पद्धतीने वर नेली की स्वराबरोबर गळ्याच्या पोकळीचे अनुनादही वर जातात. प्रौढ पुरुषाच्या स्वरमार्गाची लांबी साधारण १७ सेंटिमीटर. अनुनाद दीडपट झाले की कानाला तो मार्ग सव्वाअकरा सेंटिमीटरचा वाटतो, म्हणजे लहान मुलाचा. गुरुजींच्या जागी एखादं खोडकर पोर दरबारी गातंय असं ऐकू येतं. काही सॉफ्टवेअरमध्ये अनुनाद जागेवर ठेवून फक्त स्वर हलवायची सोय असते. ‘फॉर्मंट’ या नावाने ती सापडते. त्याने आवाज पुष्कळ माणसात येतो. पण सात अर्धस्वरांवर तीही थकते: लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) धातूच्या तारेसारखी चरचरते आणि डग्ग्याची घुमक पातळ होते.

दुसरा पर्याय उलट दिशेचा. काळी एकपासून पाच अर्धस्वर खाली गेलं तरी काळी चारच येते, एक सप्तक खालची, सा १०३.८ वर. विद्यार्थिनीचा सा त्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे तानपुरा जुळलेलाच राहतो. पाच अर्धस्वरांचं विकृतीकरण सातांपेक्षा कमी. आवाज जड आणि झाकोळलेला येतो, शब्द जरा गिळल्यासारखे वाटतात, पण आलाप, मींड आणि गंधाराचं आंदोलन, म्हणजे त्याचा संथ झोका, अधिक नीट ऐकू येतं. दरबारीच्या मंद्रातल्या विस्तारासाठी तिने शेवटी हीच फाइल निवडली. माझ्या मतेही ती निवड बरोबर आहे, निदान या रागासाठी. तानांचा अभ्यास करायचा असता तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं.

इथे एक भीती हमखास पुढे येते: पट्टी बदलल्याने श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, बिघडतील, दरबारीचा अतिकोमल गंधार साध्या कोमलावर जाऊन बसेल. तसं होत नाही. पट्टी बदलणं म्हणजे प्रत्येक कंपनसंख्येला एकाच आकड्याने गुणणं. सा आणि गंधार यांचं गुणोत्तर त्याने हलत नाही, आंदोलनाचा पल्लाही सेंटमध्ये तेवढाच राहतो. भीती खरी आहे ती दुसऱ्या जातीच्या सॉफ्टवेअरची. १९९७ साली आलेल्या ऑटो-ट्यूनसारखी साधनं स्वर ओढून ठरावीक पायऱ्यांवर नेऊन ठेवतात, आणि त्या पायऱ्या बहुधा पेटीच्या बारा पट्ट्यांच्या असतात. तालमीच्या मुद्रणावर असलं काही चालवलं की गंधाराचा जीव गेला. मोबाइल ॲपमध्ये ‘पिच करेक्शन’ नावाचं काही चालू असेल तर ते आधी बंद करावं.

लय कमी करण्याबद्दलही थोडं. वेग अर्धा करून अवघड जागा ऐकायची युक्ती फार जुनी. ३३⅓ ची तबकडी १६⅔ वर लावली की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो आणि पट्टी तीच राहते. आता सूर न हलवता लय कमी करता येते. तानेसाठी हे वरदान आहे. आंदोलनासाठी मात्र सापळा, कारण अर्ध्या लयीत आंदोलनही अर्ध्या गतीचं होतं, आणि तेच गळ्यात बसलं तर मूळ लयीत आल्यावर गंधार लोंबकळतो. या विद्यार्थिनीला आंदोलनाच्या जागा मूळ लयीतच ऐकायला सांगितल्या.

गळ्यावर झालेला परिणाम

जे कोणी धरलं नव्हतं ते तिच्या सध्याच्या गुरूंच्या लक्षात आलं. सॉफ्टवेअरबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. एका तालमीत त्या म्हणाल्या, “तुझा आकार चपटा व्हायला लागलाय. कोणाचं ऐकतेस?” ती अधिक सहावाली फाइल रोज ऐकत होती. वर नेलेल्या आवाजातला पातळ, नाकातून आल्यासारखा ‘आ’ तिच्या गळ्यात उतरायला लागला होता. तालमीच्या मुद्रणातून माणूस फक्त स्वरांचे क्रम उचलत नाही. श्वास कुठे घेतला, आवाज कुठून लावला, शब्द कसा सोडला हेही उचलतो. पट्टी बदलताना स्वरांचे क्रम शाबूत राहतात, आवाजाचा लगाव राहत नाही.

त्यावरून वापराची पद्धत ठरली. पूर्ण बाजू ऐकायची ती दुरुस्त केलेली, काळी एकमधली, गुरुजींच्या खऱ्या आवाजात. तेव्हा गायचं नाही. काळी चारमध्ये आणलेले तुकडे लहान ठेवायचे, एखाद्या आवर्तनाचे किंवा एका मुखड्याचे, आणि जागा नेमकी कळली की ते बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर गायचं. स्थलांतरित तुकडा नेहमी दुरुस्त केलेल्या मूळ फाइलवरून एकदाच काढायचा. आधीच हलवलेली फाइल पुन्हा हलवली की सांध्यांवर सांधे चढतात. मधल्या फायली वेव्ह स्वरूपात ठेवायच्या, कारण प्रत्येक वेळी एमपी३ केली की थोडा ध्वनी कायमचा जातो.

न हलवलेल्या, जशाच्या तशा उतरवलेल्या फायलीही जपून ठेवल्या आहेत. दुरुस्ती हा शेवटी एक अंदाज असतो. उद्या कोणाला अधिक चांगला पुरावा मिळाला तर त्याला मूळ फाइल लागेल, माझी दुरुस्त केलेली नाही.

त्याच संचातल्या दोन कॅसेटचं काम अजून अडलेलं आहे. एकीत चोकची गुणगुण नाही. दिवसाउजेडी भरलेली असावी, दिवा लावलेलाच नसेल. तिची दुसरी बाजू कोरी. सा १४३ च्या आसपास स्थिर आहे, आणि तो चढा आहे की गुरुजी त्या दिवशी खरंच तिथे बसले होते, हे आतून ठरवायला काही साधन नाही. ती काळी एक धरून उतरवली आहे आणि फाइलच्या नावात ‘पट्टी अंदाजे’ असं लिहिलं आहे. दुसरीत फीतच ताणलेली, त्यामुळे सा एका आवर्तनातसुद्धा डोलतो. तिला टाइम ट्रॅकवर पाच-पाच मिनिटांचे बिंदू पुरणार नाहीत, पाच-पाच सेकंदांचे लागतील. तेवढी मेहनत करण्याआधी त्या कॅसेटमध्ये काय आहे ते ज्येष्ठ गुरुबंधूंना ऐकवायचं ठरलं आहे.